लूम थांबतात ते दिवस

काल दुपारी मागच्या गल्लीतल्या कापड कारखान्यांना दिवाळीची सुट्टी लागली आणि लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबले. सुरतेबाहेरच्या माणसाला ही शांतता सांगून समजणार नाही. ती हळूहळू येत नाही, अंगावर कोसळते. वर्षभर कानात खटखट घेऊन जगलेला माणूस दचकून इकडेतिकडे बघतो, आपल्यालाच काही झालं की काय म्हणून कानात करंगळी घालून हलवतो. आमच्या यांनी काल तेच केलं. मग म्हणाले, "आहाहा, काय शांत वाटतं!" मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांना शांतता ऐकून झोप येते, मला जाग येते. दरवर्षी येते. गेली तीस वर्षं दिवाळीच्या सुट्टीत मी चकल्या तळते, करंजीसारखे घुघरे भरते, रांगोळी काढते, आणि हे सगळं करताना एक कान बाहेर ठेवते. सवय आहे. चांगली सवय आहे, म्हणून सोडलेली नाही.

ही सवय कुठून लागली ते सांगते. ऐकायला मजा येईल. मधेमधे लाजही वाटेल, पण ती तुमची तुम्ही बघा.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, बारावीत इंग्रजीने माझा गळा धरला होता म्हणून घरी बसून आईबरोबर साड्यांचे सुटे धागे कापत होते. आम्ही राहायचो पर्वत पाटियाच्या अलीकडे, एका चाळीत. चाळ म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मधे फरशीचं अंगण, अंगणाच्या टोकाला नळ, आणि नळाच्या मागची भिंत कारखान्याची. भिंतीपलीकडे सत्तर लूम. दिवसपाळी, रातपाळी, आठवड्यातून एक दिवस मशीनची वीज बंद, दिवे तेवढे चालू, बाकी अखंड खटखट. आमच्या ताटल्या फळीवर आपोआप सरकत सरकत पुढे यायच्या. रात्री मागे लोटल्या तरी सकाळी काठावर हजर.

या खटखटीत जन्मलेली पोरं वीज बंद असली की झोपायची नाहीत. खोटं नाही सांगत. जगातल्या आया पोरं झोपवायला "शूऽऽ" करतात, आमच्या चाळीतल्या आया पितळी डबा उलटा घालून त्यावर पळी वाजवत बसायच्या. खट खट खट. मग ती लेकरं गपगार झोपायची.

आणि मोठी माणसं? मोठी माणसं ओठांनी बोलायची. लूमवर काम करणाऱ्यांची ही विद्या आहे. ओरडून ओरडून घसा फुटतो, म्हणून माणूस आवाज सोडून देतो आणि नुसते ओठ हलवतो. समोरचा वाचतो. "धोटा दे", "चहा आला", "शेठ आला, तंबाखू थुंक", सगळं बिनआवाजी. कामगार ही विद्या कारखान्यातून घरी घेऊन आले, बायकांनी उचलली, मग पोरांनी. अंगणाच्या या टोकाला आई उभी राहून ओठ हलवायची, त्या टोकाला मला कळायचं की डाळीला फोडणी द्यायची आहे. अक्षरं न येणाऱ्या बायका होत्या आमच्यात, पण ओठ न वाचता येणारी एकही नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता नायकाचा प्रवेश. त्याचं नाव भगवान. ठेवणाऱ्यांचा काही दोष नव्हता, बाळ बघून नाव ठेवतात. भगवान मास्टर कारखान्यातला मशीन-मास्टर होता, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तेलाने भिजलेल्या जगात हा एकटा माणूस स्वच्छ. बोलायचा इतकं हळू, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला वाटतंच की समोरचा मोठा आहे. चाळीत कुणाचं भांडण झालं की मास्टरला बोलवायचे. पिऊन बायकोला मारणाऱ्यांना तो ओट्यावर बसवून समजावायचा, "बाईमाणसावर हात टाकणं शोभत नाही." मी स्वतः ऐकलंय. पुढे वाकून.

आणि त्याचा कान! सगळा कारखाना त्या कानाच्या गोष्टी सांगायचा. सत्तर लूम चालू असताना मास्टर दारात उभा राहायचा, मान तिरकी करायचा, आणि बोट दाखवायचा. जाऊन बघावं तर त्याच मशीनवर एक धागा तुटलेला. केसाएवढा धागा. लोक हात जोडायचे.

त्याची बायको सुमनवहिनी, आणि एक लहान मुलगी. आमच्या समोरची खोली, नळाकडे उघडणारी खिडकी. तिच्याबद्दल चाळीचं मत होतं की ती धांदरट आहे. दारात बोटं अडकवून घेते, मोरीत पडते, फळीवर कपाळ आपटते. बायका कौतुकाने हसायच्या, "एवढा गुणाचा नवरा नि ही अशी वेंधळी." चांगल्या नवऱ्यांच्याच बायका इतक्या कशा पडतात हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही. डोकी धागे कापण्यात गुंतली होती.

त्या वर्षी दिवाळीला निम्मी चाळ गाडीत बसून खानदेशात गेली. आम्ही नाही गेलो, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुट्टीत कारखान्याची राखण करायची होती. त्यांनी मला बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच दाखवला, लोखंडी पेटी, लांब दांडा. म्हणाले, "जळाल्याचा वास आला की आधी दांडा खाली ओढायचा, मग काय झालं ते विचारायचं. आधी विचारत बसलीस तर राख विचारशील." अण्णा आयुष्यात फार थोडं शहाणपणाचं बोलले, त्यातलं हे एक.

मास्टरही थांबला होता, बंद मशीन साफ करायची म्हणून. तर धनतेरसला दुपारी लूम थांबले, आणि त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, समोरच्या खोलीतून पहिला आवाज आला.

तो कसा असतो ते मी वर्णन करणार नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी ऐकलेला नाही असं कुणी भेटलं तर मला त्याचे पाय धरायचे आहेत.

आता आमच्या चाळीची थोर रीत ऐका. आवाज आला तशी शेजारच्या कुसुमकाकू उठल्या. मला वाटलं, दाराकडे जाणार. त्या टेपरेकॉर्डरकडे गेल्या. बटण फिरवलं, आरती मोठ्याने सुरू झाली. पलीकडच्या खोलीत टीव्ही गर्जू लागला. तिसरीकडे मिक्सर. मिक्सरमधे काही नव्हतं हो, मी पाहिलं, रिकामा फिरत होता. दोन मिनिटांत सगळी चाळ दणाणून गेली. हा आमचा शेजारधर्म. कुणाची अब्रू उघडी पडू नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरचा आवाज वाढवायचा. कुणी शिकवलेलं नव्हतं, ठरवलेलं नव्हतं, आणि चुकलेलंही कधी नव्हतं. मेलेल्या माणसावर जशी चादर ओढतात तशी ही जिवंत बाईवर ओढायची.

मी आईला म्हटलं, "माय, तो मारतोय तिला."

माय दिव्याची वात करत होती. मान वर केली नाही. "आपले काय करनं शे वं? दुसरानं घर, दुसरानं दार."

कुसुमकाकू वऱ्हाडच्या. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी निदान केलं, अगदी डॉक्टरीण होऊन. "सुट्टी नाई मानवत वो मास्टरले. हाताले काम नसलं का डोकं फिरते मानसाचं. मशीन सुरू झाली का येते लायनीवर." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पुरावा भक्कम होता. वीज बंदच्या वारीही कधीकधी असा आवाज यायचा, मशीन चालू असताना मात्र कधीच नाही. म्हणजे रोग सुट्टीचा. मी पण मान डोलावली. इतकं तर्कशुद्ध काही मी बारावीच्या पुस्तकातसुद्धा वाचलं नव्हतं.

त्या सुट्टीत मी ऐकायला शिकले. नव्या वर्षाचे, साल मुबारकचे फटाके थांबले, रस्ते ओस पडले, दुकानं लाभपाचमपर्यंत, म्हणजे पाडव्यानंतरच्या पंचमीपर्यंत, कुलूपबंद झाली, आणि जी शांतता उरली तिच्यात समोरची खोली एकटी नव्हती. कोपऱ्यातल्या खोलीतून भांडं पडायचं, नेहमी एकच, आणि त्याच्यानंतर कुणी ते उचलायचं नाही. आमच्याच रांगेत एका घरी दार आतून लागायचं आणि रेडिओ बदलायचा. आणखी एका खोलीत सासू मोठमोठ्याने जप करायची, फक्त अशा वेळी. मी बोटं मोजत गेले. एका हाताची पुरली नाहीत. गावाला गेलेल्या खोल्या तर मी धरल्याच नव्हत्या. गंमत अशी, की यातली प्रत्येक बाई नळावर आली की सुमनवहिनीवर चुकचुकायची. आपल्या खोलीचा आवाज फक्त आपल्यालाच येतो असं प्रत्येकीला वाटत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे, एवढंच तेवढं कुणाला माहीत नव्हतं.

मग बायकांनी मारुतीला नारळ बोलला. लूम लवकर सुरू होऊ देत, म्हणजे सुमनची सुटका होईल. नारळ घेऊन गेली कोण? सुमनवहिनी स्वतः. पदराखाली निळा दंड, हातात नारळ. मी तिच्याबरोबर होते. मारुतीपुढे मी डोळे मिटले, तिने मिटले नाहीत. ती नारळाकडे बघत होती, जसं एखादी बाई न मागवलेल्या पार्सलकडे बघते.

लाभपाचम उलटून चार दिवस झाले, गावाकडचे लोक परतले, आणि एका सकाळी धडाडधाड सत्तर लूम सुरू झाले. ताटल्या सरकू लागल्या. पोरं झोपी गेली. संध्याकाळ झाली, समोरून आवाज नाही. दुसरा दिवस, आवाज नाही. कुसुमकाकूंनी नळावर हात नाचवले आणि ओठांनी जाहीर केलं, "थांबलं!" मारुतीला दुसरा नारळ गेला, आभाराचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर कपडे पिळत होते. सहज वर पाहिलं. सुमनवहिनीची खिडकी उघडी होती. आत पांढरा शर्ट. त्या शर्टाचा हात वर गेला आणि खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली. काहीही ऐकू आलं नाही. माझ्या मागे खटखट खटखट, आणि समोर तो हात, जणू तोही एक लूम, त्याच लयीत.

हातातला पिळा तसाच राहिला. थांबला होता तो आवाज. हात कधीच थांबला नव्हता. नुसत्या सुट्टीत नव्हे, नुसत्या वीज बंदच्या वारी नव्हे, बारा महिने, ज्या दिवशी मी त्याच्यापुढे वाकून "बाईमाणसावर हात" ऐकलं त्या दिवशीसुद्धा. आम्ही रोग बरा होण्यासाठी नारळ फोडले, आणि मारुतीने आम्हाला रोग ऐकू येणार नाही अशी सोय करून दिली.

तेवढ्यात तिने मला पाहिलं. भिंतीला टेकून, त्याच्या खांद्यावरून. आणि ओठ हलवले. दोन शब्द. मला स्वच्छ वाचता आले. "दार वाजव."

आणि मी काय केलं? मी, जी आज तुम्हाला ही गोष्ट हातवारे करून सांगतेय? मी खाली बघून तोच सदरा पुन्हा पिळला. कोरडा झाला होता तरी पिळला. चाळीला नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण मी त्याच चाळीचं शिक्षण घेतलं होतं आणि या विषयात पहिली आले होते.

पुढचे चार दिवस मी नळावर पाठ करून बसले. पाठीला डोळे फुटतात म्हणतात, ते खरं आहे. ती रोज काहीतरी बोलत असणार. मी रोज वाचत नव्हते.

पाचव्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, मास्टर कारखान्यातून घरी आला. दार लागलं. मी मुद्दाम वळून खिडकीकडे पाहिलं. हात वर गेला. मला दार वाजवायची हिंमत नव्हती, ती मला आजही फारशी नाही. पण दार वाजवलं असतं तरी या खटखटीत ऐकणार कोण होतं? मी नळ सोडून भिंतीच्या कडेने पळत गेले, लोखंडी पेटी उघडली आणि दांड्याला लोंबकळले. दांडा खाली आला.

सत्तर लूम एका दमात थांबले.

कारखान्यातली वीज गेली की सगळे कामगार बाहेर येतात, हा नियमच. विडी, तंबाखू, वारा. तीस-चाळीस माणसं अंगणात आली, खोल्याखोल्यांतून बायका डोकावल्या, आणि त्या भर उजेडात, टाचणी पडली तर ऐकू यावी अशा शांततेत, भगवान मास्टरचा आवाज दुमदुमला. हळू नाही हो. पुढे वाकायची काही गरज पडली नाही. लूमवरून ओरडायच्या पट्टीतला आवाज. "चहात आलं टाकू नको म्हणून किती वेळा सांगायचं?" आणि चपराक. "किती वेळा?" चपराक. "किती वेळा?"

आल्यासाठी. निदान चारचौघांत सांगता येईल असं कारण तरी शोधायचं होतं.

आणि सगळ्यात गोड भाग हा, की तो थांबेना. सत्तर मशीनमधला केसाएवढा तुटलेला धागा ज्याला ऐकू यायचा, त्याला सत्तरच्या सत्तर बंद पडलेली ऐकू आली नाहीत. अंगणात कुणी हललं नाही. कुसुमकाकूंचा हात सवयीने टेपरेकॉर्डरकडे गेला आणि बटणावर थांबला. वीजच नव्हती ना! कारखान्याच्याच मीटरवर चाळीचे दिवे चालत. आरती नाही, टीव्ही नाही, मिक्सर नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या चाळीला अंगावर ओढायला चादर मिळाली नाही.

माय उठली. मांडीवरची साडी बाजूला ठेवली, कात्री मात्र विसरून हातातच राहिली. अंगण ओलांडलं आणि त्या दारावर थाप मारली. "उघड रे भगवान! आते समदास्नी ऐकी लिधं."

एक म्हातारा कामगार चुळबुळला, "जाऊ दे ना बाई, नवरा-बायकोचा मामला आहे."

माय त्याच्याकडे वळली. "मशीन चालू व्हती तोवर त्यासना व्हता. आते आम्ना बी शे."

दार उघडलं. मास्टर बाहेर आला, अंगणभर माणसं पाहिली, आणि मग त्याने मान तिरकी केली. ती प्रसिद्ध मान. कारखाना बंद आहे हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. खिशातलं पेन नीट केलं. हळू आवाजात म्हणाला, "ती पडली." चाळीस माणसांनी नुकतंच ऐकलं होतं कोण कसं पडलं ते. कुणी पुढे वाकलं नाही.

तेवढ्यात शेठ धावत आला, "कोणे बंध कर्युं?" मी म्हटलं, "मी, शेठ. जळाल्याचा वास आला." शेठने नाक वर करून हुंगलं, मास्टरकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, आणि परत गेला. अण्णा माझ्याकडे बघत होते. ओठांनी म्हणाले, "बरोबर."

सुमनवहिनी त्याच दुपारी आमच्या खोलीत आली. दोन दिवसांनी बारडोलीच्या साखर कारखान्यातला तिचा भाऊ आला, आला तो समजूत घालायलाच, "सांभाळून घे" म्हणायला. पण चाळीतल्या ज्या ज्या माणसाला त्याने विचारलं त्याने हेच सांगितलं, "आम्ही ऐकलं." कुसुमकाकूंनी तर चपराका मोजूनही सांगितल्या. एकटी बाई सांगते तेव्हा ती वेंधळी असते. चाळीस जण सांगतात तेव्हा भाऊ बहिणीची पेटी उचलतो. जागृती जागृती म्हणून लोक भाषणं करतात, मला ती एवढीच कळली आहे. आपण ऐकलंय हे तोंडाने कबूल करायचं, दुसऱ्याच्या देखत.

मास्टर महिन्याभरात दुसऱ्या कारखान्यात गेला. तिथेही म्हणे लोक सांगायचे, फार शांत माणूस, कान काय तिखट!

वहिनी वर्षभराने बारडोलीहून परतली, धागे कापून जगली, मुलीला वाढवलं. आता सुरतेतच कोसाडला त्या मुलीकडे राहते. कुणाच्याही घरात शिरली की आधी टीव्हीचा आवाज कमी करते, मग पाणी मागते. जावई नवा होता तेव्हा त्याच्या घरीसुद्धा तिने हेच केलं. तो हसला. ती हसली नाही.

आणि आम्ही? आम्ही सुधारलो. आमच्या सोसायटीत काचेच्या खिडक्या आहेत, घट्ट बसणाऱ्या. खालच्या मजल्यावरची बाई पावसाळ्यात काळा चष्मा लावून भाजी घेते आणि सगळ्या म्हणतात, डोळे आलेत. वर्षातून चारदा तिचे डोळे येतात. परवा मी लिफ्टमधे तिला विचारलं, "दार वाजवू का कधी?" तिने चष्मा नीट केला. पण कालपासून लूम बंद आहेत, आणि मी तीन वेळा विनाकारण खालच्या मजल्यावर जाऊन चकल्या देऊन आले आहे. तिचा नवरा म्हणाला, "काकी, किती चकल्या!" मी म्हटलं, "अजून पुष्कळ आहेत."

एक गोष्ट मी मागे ठेवली होती. चांगली कथेकरीण शेवटचा घास राखून ठेवते.

त्या दिवशी दार उघडल्यावर मास्टरच्या मागून सुमनवहिनी उंबऱ्यात आली. केस सुटलेले, एक गाल लाल. अंगणात इतकी शांतता होती, की ती कुजबुजली असती तरी शेवटच्या माणसाला ऐकू आलं असतं. पण तिला आवाजाची सवयच राहिली नव्हती. तिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि नुसते ओठ हलवले.

"रोज सांगत होते."

अंगणातल्या चाळीस कामगारांच्या, सगळ्या बायकांच्या, माझ्या मायच्या आणि माझ्या माना एकाच वेळी खाली गेल्या. ज्याला ओठ वाचता येत नाहीत, तो मान खाली घालत नाही.